मागच्या माणसाची जागा

पठाणपुरा गेटच्या आत, पिठाच्या चक्कीला लागून अख्तरीचं ड्रेपरीचं दुकान आहे. ड्रेपरी म्हणजे नाटकाचे कपडे. दिवाळी सरली की वडशाकडच्या नाटक मंडळ्या गावोगाव तंबू ठोकतात, आणि त्यांच्या राजाचा अंगरखा, खलनायकाचं जाकीट, गरीब बापाचं विरलेलं धोतर, सगळं या बारा बाय दहाच्या खोलीतून जातं. नवरा गफ्फार गठ्ठे घेऊन मंडळ्यांच्या मागं फिरतो. अख्तरी दुकानात बसून उसवलेलं शिवते आणि माणसं बघते. शिवण तिचं बरं आहे. बघण्यात मात्र तिला अख्ख्या चंद्रपुरात जोड नाही.

तो खाकी शर्ट तिच्याकडं आला तेव्हा तोही तिला बघण्यापुरताच वाटला. एका बाईचा नवरा जिवंत की मेला हे त्या शर्टावर ठरायचं होतं. ते अख्तरीला नंतर कळलं, आणि कळल्यावरही तिची बघायची खोड गेली नाही. सगळं बिघडलं ते त्यामुळं.

तिची एक लांबट वही आहे, दुकानदार ठेवतात तसली. तीत ती माणसांचं वागणं लिहिते. डावीकडं कपडा, मधे जागा, उजवीकडं समोरच्यानं काय केलं. प्रयोग अगदी सोपा. जागा तीच, म्हणजे बसस्टँड. वेळ तीच, सकाळचे दहा. प्रश्नही तोच: "भाऊ, वरोऱ्याची गाडी केव्हा?" बदलतो फक्त अंगावरचा कपडा.

डॉक्टरचा पांढरा कोट घालून उभी राहिली तेव्हा सात जणांना विचारलं. चौघांनी गाडीची वेळ सांगता सांगता आपलं दुखणं सांगितलं, एकानं म्हशीचं. वकिलाचा काळा कोट घातला तर माणसं वेळ बरोबर सांगायची, पण दोन पावलं मागं सरकून. जरीची साडी नेसली तर बायांनी आधी काठ बघितला, मग तोंड. आणि रस्त्याच्या कामावरचं ते चमकणारं नारिंगी जाकीट घातलं, तर ती कोणाला दिसेनाशीच झाली. एका सरकारी इमारतीत तिसऱ्या मजल्यापर्यंत गेली, साहेबाच्या पंख्याखाली उभं राहून घाम पुसला आणि परत आली. "कोण तुम्ही?" असं एकानंही म्हटलं नाही. नारिंगीपुढं तिनं लिहिलं: "माणसाची भिंत होते."

"लोकं अंगावर कपडे घालते," गफ्फार म्हणायचा, "अन् तू कपड्यावर लोकाइले टांगते."

"तुमचाच डायरेक्टर म्हणाला होता नं, इन्स्पेक्टर शेवटच्या रांगेतून पोस्टमन दिसते म्हणून? मंग कोणता कपडा काय करते हे मी नाई पाहीन तं कोण पाहीन?"

"पाह्य बाप्पा, पाह्य. एक दिवस कपडाच तुले पाहीन."

तर, शर्ट. तो आणला रीता भांडेवालीनं. रीता जुन्या कपड्यांवर भांडी देत मोहर्लीच्या पलीकडं, पार जंगलातल्या गावांपर्यंत फिरते, आणि त्यातले गरीब बापाच्या भूमिकेला चालतील असे कपडे अख्तरीसाठी बाजूला काढते. खरोखर झिजलेला कपडा शिवून तयार करता येत नाही, हे दोघींनाही ठाऊक. हा शर्ट तसाच होता. कॉलर एकदा उलटवून शिवलेली, दोन्ही कोपरांना ठिगळं, वरून दुसरं बटण पांढरं आणि बाकीची तपकिरी. डावा खांदा उजव्यापेक्षा जास्त विटलेला. नाकाशी नेला तर धूर आणि मोहाचा आंबूस गोडवा.

"याच्यावर अख्खा स्टीलचा गंज देल्ला म्या," रीता हातांनी मोठ्या पातेल्याचा आकार करत म्हणाली.

"फाटक्या शर्टावर गंज? येडी झाली का वं?"

"बाई भावच करे ना. 'घे, अन् दूर ने' म्हणे. मले तिच्या डोळ्याकडं पाहवलं नाई. देऊन टाकला गंज अन् निघाली."

दुसऱ्या दिवशी अख्तरीनं सलवार-कमीजवर तो शर्ट चढवला आणि दहा वाजता बसस्टँडवर गेली. वरोऱ्याच्या गाडीच्या दाराशी कंडक्टर उभा होता. तिचा प्रश्न पुरा व्हायच्या आत तो म्हणाला, "चढा, चढा. मागं दोघाइची जागा आहे."

अख्तरीनं वळून बघितलं. मागं कोणी नव्हतं. आता असल्या वेळी दुसरं कोणी घरी गेलं असतं. ती गाडीत चढली.

तीन माणसांच्या सीटवर खिडकीशी एक बाई टोपली घेऊन बसलेली. अख्तरी आली तशी बाईनं टोपली मांडीवर घेतली आणि खिडकीला इतकी चिकटली की मधे एका माणसाची जागा रिकामी राहिली. अख्तरी कडेला बसली. दांडा धरून एक म्हातारा उभा होता. गाडी हलली, म्हातारा हेलपाटला, पण त्या रिकाम्या जागेवर बसला नाही. मग कंडक्टर आला.

"पडोली," अख्तरी म्हणाली.

त्यानं मशीनवर बोटं मारली. "एक महिला, एक फुल."

"फुल तिकीट कोणाचं?"

"याइचं." त्यानं हनुवटीनं मधल्या जागेकडं दाखवलं, आणि तिथं बघितलं. मशीनकडं बघितलं, आपल्या बोटाकडं बघितलं. "काऊन मारलं म्या हे? एकट्याच आहा ना तुम्ही?"

"एकटीच."

"झोप नाई झाली," तो पुटपुटला आणि पुढं गेला. जाताना त्यानं अंग चोरलं, जसं कोणाच्या गुडघ्याला लागू नये म्हणून चोरतात.

पडोलीला उतरून अख्तरी रस्त्याच्या कडेला वही उघडून उभी राहिली. "खाकी, ठिगळाचा. बस. दोन."

पुढचे चार दिवस तिनं दुसरं काही केलं नाही. गेटजवळच्या झिंगूच्या टपरीवर एक चहा सांगितला, त्यानं दोन ग्लास ठेवले. फळवाल्यानं केळं हातात दिलं आणि दुसरं तिच्या खांद्यामागं धरलं. बुरुजाजवळच्या अरुंद बोळात समोरून येणारी माणसं भिंतीला टेकून उभी राहायची. अख्तरी पुढं गेली तरी लगेच निघायची नाहीत. आणखी कोणी निघून जायची वाट बघावी तशी क्षणभर थांबायची आणि मग चालू लागायची. अठरा माणसं. अठराच्या अठरा वेळा दोन.

यात एक गोष्ट तिला जास्त खुपली. कोणालाही काही दिसत नव्हतं. "दुसरा ग्लास कोणाले?" विचारलं की झिंगू ग्लासाकडं बघायचा आणि स्वतःवरच चिडायचा. सावली नाही, चेहरा नाही, कसला भास नाही. डोळ्यांना काही ठाऊक नव्हतं. अंग आपोआप सरकत होतं.

अख्तरीनं मग शर्टाची उलटतपासणी केली. साबणानं धुतला: दोन. उलटा घातला: दोन. तसाच दुसरा खाकी शर्ट शोधून, त्याला ठिगळं लावून घातला: एक. हाच शर्ट पिशवीत घालून नेला: एक. म्हणजे खाकीत काही नव्हतं, ठिगळात नव्हतं, तिच्यातही नव्हतं. गफ्फार गुरुवारी वडशाहून आला तेव्हा तिनं काही न सांगता त्याच्या अंगात शर्ट घातला आणि पान आणायला पाठवलं. तो परत आला तो दोन विडे घेऊन. एक त्यानं तोंडात टाकला होता, दुसरा हातात तसाच धरलेला.

"एक माह्यासाठी आणला?"

"तू कुठी पान खाते?" गफ्फारनं हातातल्या विड्याकडं बघितलं. "पानवाल्यानं देल्ले. म्याबी घेतले. मले वाटलं..." त्यानं शर्ट काढला आणि खुंटीला न लावता दाराबाहेर ठेवला. "कोणाचा आहे वं हा?"

त्याचं उत्तर शनिवारी दुपारी आपल्या पायांनी आलं.

अख्तरी शर्ट घालूनच मशीनवर बसली होती. दुकानात एक बाक आहे. त्या दिवशी आलेली तिन्ही गिऱ्हाइकं बाकाच्या एका टोकाला अवघडून बसली होती आणि बाकी बाक त्यांनी कोणासाठी तरी सोडलेला होता. चौथी एक ठेंगणी बाई आत आली. फुलाफुलांची साडी, मनगटापासून कोपरापर्यंत गोंदण, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, हातात स्टीलचा नवा गंज. ती सरळ त्या रिकाम्या जागेच्या मधोमध बसली. अख्तरीच्या तोंडाकडं, फक्त तोंडाकडं बघून म्हणाली:

"हा शर्ट माह्या माणसाचा आहे."

अख्तरीच्या डोक्यात वहीची ओळ तयार झाली: एकोणिसावी. एक.

बाईचं नाव अन्नपूर्णा. नवऱ्याचं पत्रू. उन्हाळ्यात जंगलाला आग लागू नये म्हणून गावचे मजूर पाळतीवर ठेवतात, त्यात तो होता. मोहाच्या दिवसांत एका सकाळी डबा घेऊन गेला आणि आला नाही. गावानं आठ दिवस जंगल पालथं घातलं. डबा सापडला, एक चप्पल सापडली. रक्ताचा थेंब नाही, हाड नाही. त्याला आता सात महिने झाले.

"मी म्हणते का तो तेलंगणात मिरची तोडायले गेला असन," अन्नपूर्णा म्हणाली. "भांडण झालं होतं आमचं आदल्या दिवशी. रुसला का असाच जाते तो. पण माहा भासरा, त्याचा मोठा भाऊ पोचूदादा, तो ऐकत नाई. तो म्हणते, पत्रू गेला. देह नाई भेटला तं आमच्या घरी गवताचा माणूस करतात. त्याले गेलेल्याचा अंगावरचा कपडा घालतात, नाव घेऊन हाक मारतात, अन् मातीत देतात. मंग तो पुरखाइत, वाडवडलाइत बसते. नवा भात पुरखाइले दाखवाच्या आधी हे झालं पाह्यजे म्हणते दादा. नाई तं पत्रू ना इकडचा, ना तिकडचा."

"मंग?"

"मंग काय! घरात त्याचा हा एकच शर्ट उरला होता. म्या तो भांडेवालीले देऊन टाकला." तिनं गंज बाकावर ठेवला. "कपडाच नाई तं गवताले घालाल काय? जित्त्या माणसाले मातीत देतात का, बाई?"

अख्तरी तिच्याकडं बघत राहिली. नवरा जिवंत ठेवायला बाईनं केवढी युक्ती केली होती, आणि नेमकी तीच युक्ती शर्टाला पाय देऊन गेली होती.

"पण रीतानं दादाले सांगितलं का शर्ट कुठी देल्ला," अन्नपूर्णा म्हणाली. "तो उद्या येईन तुमच्याकडं. त्याले देऊ नका. हा घ्या तुमचा गंज परत. शर्ट कुठी सिरोंच्याकडं पाठवून द्या, नाई तं जाळून टाका."

इथं अख्तरीनं "बरं" म्हटलं असतं तर गोष्ट संपली असती. पण वहीत अठरा वेळा दोन आणि एकदाच एक, असा हिशेब पडून होता, आणि तो तिला चैन पडू देईना. तिनं गिऱ्हाइकांना उद्या या म्हणून वाटेला लावलं, दार अर्धं लोटलं आणि अन्नपूर्णाला सगळं वाचून दाखवलं. बस, चहा, केळं, बोळ, पान. वाचताना तिला थोडा अभिमानही वाटत होता, खोटं काऊन बोला.

अन्नपूर्णा शेवटपर्यंत ऐकत होती. तिचं बोट गोंदणाच्या ठिपक्यांवरून वर जात होतं आणि परत खाली येत होतं.

"मंग तो गेला म्हणता तुम्ही."

"मी काई म्हणत नाई. लोकं जागा सोडून राह्यले, एवढंच लिहिलं."

"गेला असता तं परक्याच्या मागं काऊन फिरला असता? माह्या मागं आला असता." ती उठून उभी राहिली. "मले तं तुमच्या मागं कोणी नाई वाटलं."

"हाव. तूच एकटी."

पुढचं वाक्य अख्तरीच्या तोंडून निघालं, आणि ते तिनं नंतर कितीही वळवून बघितलं तरी अन्नपूर्णाच्या नावावर टाकता आलं नाही.

"तूच घालून पाह्य नं मंग. गेटपर्यंत जा अन् परत ये. झिंगूकडं एक चहा घे. मी मागून येते. लोकाइनं दोघाइची जागा सोडली, तं... मंग काय ते समज. अन् नाई सोडली तं तुह्या मागं कोणी नाई."

"म्हणजे तो जित्ता."

"म्हणजे तो जित्ता," अख्तरी म्हणाली.

अन्नपूर्णानं शर्ट साडीवरून घातला. बाह्या दोन वेळा दुमडल्या. पांढरं बटण लावताना तिची बोटं थांबली. ते तिनंच कधीतरी लावलेलं असणार. मग ती बाहेर पडली, आणि अख्तरी वही घेऊन वीस पावलं मागं.

बाजाराचा दिवस होता. पहिली भेटली ती हातगाडी. गाडीवाला जराही सरकला नाही. चाक अन्नपूर्णाच्या कोपराला घासून गेलं. अख्तरीनं चालता चालता लिहिलं: एक. बोळाच्या तोंडाशी दोन पोरी हसत आल्या, तिच्या अगदी जवळून गेल्या, तिच्या मागच्या रिकाम्या जागेतून आरपार गेल्या. एक. टपरीवर झिंगूनं एकच ग्लास ठेवला. एक! अख्तरीच्या छातीवरून धोंडा उतरला. चार दिवसांत पहिल्यांदा तिला स्वतःच्याच वहीवर हसू आलं.

मग झिंगू म्हणाला, "भाऊ, खर्रा देऊ का?"

अख्तरीला वाटलं, दुसऱ्या कोणाला म्हणतोय. टपरीवर दुसरं कोणी नव्हतं. अन्नपूर्णानं हात पुढं केला, तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याची पन्नी घेतली, तळहातावर घासली, आणि एका बोटानं गालात सारली. सराईतासारखी. समोर नळावर बाया कपडे धूत होत्या, लुगडी गुडघ्यापर्यंत खोचलेल्या. अन्नपूर्णा त्यांच्यासमोरून पुढं निघाली तशा त्यांनी गप्पकन लुगडी खाली ओढली आणि माना वळवल्या. एक म्हातारी बादली उचलत म्हणाली, "बापू, जरा सरकून चाल नं."

अख्तरी धावत टपरीवर गेली. "झिंगू, आत्ता चहा कोणाले देल्ला?"

"त्या खाकीवाल्या भाऊले. काऊन?"

"बाई होती ते. साडी नाई दिसली तुले? फुलाफुलाची?"

"सकाळपासून मजाक करासाठी मीच भेटलो का आपा?" झिंगू म्हणाला, आणि त्याचा चेहरा बघून अख्तरीला कळलं की त्याला खरंच कोणी बाई दिसली नव्हती.

अन्नपूर्णा गेटला हात लावून परत आली. डोळे चमकत होते. गालात खर्रा होता, आणि तो तिथं कसा आला हे तिला ठाऊक असावं असं दिसत नव्हतं.

"किती?" तिनं विचारलं. "सांगा नं बाई. किती?"

अख्तरीच्या हातात वही होती. उजव्या रकान्यात खालपर्यंत एक, एक, एक. त्यातला एकही आकडा खोटा नव्हता. त्या एकापुढं बाई की भाऊ हे लिहायचं राहिलं होतं, ते तिनं सांगितलं नाही. समोर एक बाई सात महिन्यांनी हसत होती, आणि हिशेब तर बरोबर होता.

"एकच," ती म्हणाली. "सगळ्या वेळा एकच."

"म्या म्हटलं नव्हतं!" अन्नपूर्णानं दोन्ही हात तोंडावर धरले. मग शर्ट अंगाशी ओढून घेतला. "हा मी नेते. माह्या अंगावरून दादा कसा काढन? येऊ द्या त्याले येतो तं. मोहर्लीची गाडी केव्हा आहे?"

"शर्ट काढून घडी करून ने. थंडी नाई एवढी."

"राहू द्या. बरं वाटून राह्यलं." ती निघाली. येताना तिची पावलं आखूड होती, तिच्या उंचीला शोभतील अशी. जाताना ती लांब टांगा टाकत गेली, डावा खांदा जरा खाली झुकवून, जसं त्या खांद्यावर वर्षानुवर्षं काहीतरी वाहिलेलं असावं. अख्तरी दारात उभी राहून बघत होती. हाक मारावी असं तिला वाटलं. काय म्हणून हाक मारावी ते ठरेना.

पोचू रविवारी आला नाही. सोमवारी नाही, मंगळवारी नाही. अख्तरीनं रीताकडं निरोप टाकून बघितला, रीता दुसऱ्या रानाकडं गेलेली. गफ्फार म्हणाला, "गेलं नं ते घरातून? मंग झोप." तिला झोप येत नव्हती.

गुरुवारी दुपारी दारासमोर ऑटो थांबला. एक उंच, पिकल्या मिशांचा माणूस उतरला. हातात नव्या तांदळाची पुरचुंडी. दुकानात न येता उंबऱ्याबाहेरूनच त्यानं हात जोडले.

"अख्तरीबाई तुम्हीच ना? मी पोचू. पत्रूचा मोठा भाऊ. हे घ्या, नवा तांदूळ. आमच्या घरचा."

"मले काऊन?"

"तुमच्या दुकानातून शर्ट घेऊन माहा भाऊ घरी आला, बाई!" पोचूचा आवाज भरून आला होता. "शनिवारी संध्याकाळच्या गाडीनं उतरला. अख्खं गाव जमा झालं. सात महिने कुठी होता ते सांगत नाई. विचारलं का जंगलाकडं पाह्यते अन् चूप राह्यते. राहू दे चूप. आला ना! मी येडा त्याचा गवताचा माणूस करून राह्यलो होतो. तो पाहा, ऑटोत बसला आहे. म्या म्हटलं, चाल, बाईले भेटून येऊ."

अख्तरीनं ऑटोकडं बघितलं नाही. अजून नाही.

"अन् त्याची बायको?" तिनं विचारलं.

पोचूचं हसू मावळलं. "तेच विचाराचं होतं. अन्नपूर्णा शनिवारी सकाळी घरून निघाली. तुमच्याकडं जाते म्हणून शेजारणीले सांगून गेली. तो आला, अन् ती नाई. पाच दिवस झाले. इथी आली होती का?"

"थांबा," अख्तरी म्हणाली.

तिनं सुई उचलली, खाकी दोरा ओवला आणि ऑटोपाशी गेली. मागच्या सीटवर गुडघे फाकवून एक ठेंगणी बाई बसली होती. शर्टाखाली फुलाफुलांची साडी, आता मळलेली. कोपरापर्यंत गोंदण. कपाळ पुसलेलं, जिथं वर्षानुवर्षं कुंकू होतं तिथं रुपयाएवढी फिकट चकती. ऑटोवाला आरशातून बघून म्हणाला, "भाऊ, जरा इकडं सरका, बाईले बोलू द्या," आणि बाई सरकली.

"भाऊ," अख्तरी मोठ्यानं म्हणाली, पोचूला ऐकू जाईल असं. "तुमचं बटण सुटून राह्यलं. शर्ट काढा, दोन टाके मारून देते. दोन मिनिटाचं काम आहे."

बाईचा हात गळ्याशी गेला आणि कॉलर घट्ट धरून राहिला. तिनं पोचूकडं बघितलं, मग अख्तरीकडं वाकली. आवाज तिचाच होता, पण खूप आतून आल्यासारखा, घराच्या मागच्या खोलीतून कोणी बोलावं तसा.

"काढायले नका लावू, बाई. सात महिन्याचा भुकेला होता. काल नवा भात तीनदा मागून खाल्ला त्यानं."

"अन् तू?"

"मी आहे नं."

"कुठी?"

अन्नपूर्णा हसली. दुकानात हसली होती तशीच, एका क्षणापुरती. "मागं," ती म्हणाली. मग तोंड मिटलं, जबडा हलला, आणि गालातला खर्रा या बाजूचा त्या बाजूला गेला. समोरचे डोळे अख्तरीला ओळखत नव्हते. ते गेटच्या पलीकडं, झाडं होती तिकडं लागले होते.

अख्तरीच्या हातात सुई होती. एक झटका दिला असता तर पांढरं बटण तुटलं असतं, शर्ट उघडला असता, आणि उन्हात, बाजारात, दहा माणसांसमोर काय ते झालं असतं. कोण उरलं असतं, हे मात्र तिला ठाऊक नव्हतं, आणि ते ठाऊक करून घ्यायला दुसऱ्या कोणाचा जीव लावायचा तिच्यात आता दम नव्हता.

पोचू मागं येऊन उभा होता. "काय म्हणते भाऊ? बोलला का तुमच्याशी?"

"बटण घट्ट आहे म्हणते. राहू द्या म्हणते."

"अन् अन्नपूर्णा? आली होती का बाई इथी?"

अख्तरीनं सुई ओढणीच्या काठात खोचली. "नाई," ती म्हणाली. "मले नाई भेटली."

पोचूनं मान हलवली आणि ऑटोत भावाशेजारी बसला. भावाच्या खांद्यावर हात टाकला. लहान भाऊ हरवून सापडल्यावर टाकतात तसा, सगळा भार देऊन. ऑटो सुरू झाला तेव्हा तो बाहेर वाकला.

"आली तं तिले सांगा बाई, पत्रू घरी आला म्हणून. वाट पाहून राह्यला म्हणा."

"सांगते," अख्तरी म्हणाली.